लहानपणींची बलोपासना आणि शरीराची उंची : एका समजुतीची छाननी

[१] प्रश्नाचें मूळ

यवतमाळ शहराच्या पश्चिमेस सुमारें तीन मैलांवर लोहारा म्हणून गांव आहे. आज तेथें औद्योगिक वसाहत असल्यामुळें परक्या माणसास तें यवतमाळचें एक उपनगरच वाटतें; पण गांव जुनें आहे. अबुल फजलाच्या 'ऐने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांमध्यें 'योत-लोहारा' असें एक जोडनांव येतें. त्यांतील 'योत' म्हणजे येवता, अर्थात् आजचें यवतमाळ, आणि 'लोहारा' म्हणजे हेंच गांव, असा निर्णय इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरकारांनीं दिला आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस या गांवाचें नांव बादशाही दफ्तरांत चढलेलें होतें. गांवाचें नांव लोहारकामावरून पडलें असावें असें सहज मनांत येतें. तथापि केवळ नांवावरून इतिहास रचूं नये हा आपला नियम असल्यामुळें तो तर्क येथें तर्क म्हणूनच ठेवितों.

कांहीं दिवसांपूर्वी या गांवीं जाण्याचा योग आला असतां एका गृहस्थांनीं प्रस्तुत लेखकास एक प्रश्न केला. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा. त्यास आखाड्यांत जाण्याची व वजनें उचलण्याची हौस लागली आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, इतक्या लहानपणीं अंग कमावलें तर पोर खुजें राहील, हाडें वाढायचीं थांबतील. मुलाच्या मनांत पुढें पोलिसांत जावयाचें आहे, आणि तेथें उंची मोजून घेतात; महाराष्ट्रांत शिपायाच्या भरतीस पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर तरी भरावी लागते. गृहस्थ म्हणाले, "आपण जुनीं कागदपत्रें पाहतां. आपले जुने लोक याविषयीं काय म्हणत, तें सांगा. म्हणजे पोराला हो म्हणावें कीं नाहीं, हें मला ठरवितां येईल."

हा प्रश्न वैद्यांचा आहे असें सांगून तो टाळतां आला असता. पण समजुतींनाहि इतिहास असतो. आणि "जुने लोक म्हणत" अशा आधारावर जें मत सांगितलें जातें, तें जुन्या लोकांनीं खरोखर म्हटलें होतें काय, हें पाहणें संशोधकाचेंच काम आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत तीन गोष्टी क्रमानें पाहावयाच्या आहेत. जुने वैद्यकग्रंथ व मल्लविद्येची परंपरा याविषयीं काय सांगते, ही पहिली. ही समजूत दृढ होण्यास कोणता प्रत्यक्ष अनुभव कारण झाला, ही दुसरी. आजच्या शास्त्राचा निर्णय काय, ही तिसरी.

[२] वैद्यकग्रंथांचा अभिप्राय

वडील मंडळींच्या म्हणण्यास ग्रंथाधार मुळींच नाहीं असें नाहीं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत व्यायाम कोणी टाळावा हें सांगितलें आहे, आणि त्या यादींत वातपित्ताचा रोगी, वृद्ध व अजीर्ण झालेला यांच्या जोडीस बालकाचें नांव स्पष्टपणें घातलें आहे. एवढें वचन हातीं आलें कीं वादाचा निकाल लागला असें कोणासहि वाटेल. परंतु वचनाचा अर्थ त्याच्या शेजारच्या वचनांसह लावावयाचा असतो.

पहिली गोष्ट अशी कीं, 'बाल' कोणास म्हणावें? सुश्रुताच्या मतें सोळा वर्षांच्या आंतील सर्वच बाल होत. त्यांत केवळ दुधावर असणारा, दूध व अन्न दोन्हीं घेणारा आणि अन्नावर असणारा असे तीन प्रकार त्यानें केले आहेत. पुढें विसाव्या वर्षापर्यंत 'वृद्धि', तिसापर्यंत 'यौवन' आणि चाळिसापर्यंत सर्व धातूंची संपूर्णता, असा क्रम तो देतो. वाग्भटाचा बाल दूधपिता कीं पंधरा वर्षांचा, हें त्या वचनावरून ठरत नाहीं. तेरा वर्षांचा मुलगा सुश्रुताच्या व्याख्येनें बाल खरा. पण तो अन्नावर वाढणारा बाल आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा निषेध कशासाठीं? चरकानें अतिव्यायामाचे दोष मोजून दाखविले आहेत. श्रम, ग्लानि, धातुक्षय, तहान, रक्तपित्त, दमा, खोकला, ज्वर व वांति हे ते दोष होत. या यादींत उंची खुंटण्याचें नांव नाहीं. ग्रंथकार एखाद्या गोष्टीविषयीं मौन धरतो एवढ्यावरून ती त्यास अमान्य होती असें ठरत नाहीं, हें खरें. पण दोषांची यादी मुद्दाम देत असतां त्यानें जें लिहिलें नाहीं, तें त्याच्या नांवावर खपविणें त्याहून वाईट. ग्रंथांना भीति आहे ती शक्तीच्या ऱ्हासाची. वाग्भटाचा बालक रोगी, वृद्ध आणि अजीर्णी यांच्या पंक्तीस बसला आहे तो याच कारणानें : या चौघांच्याहि ठिकाणीं खर्चण्यासाठीं शिलकी बळ थोडें असतें.

तिसरी गोष्ट म्हणजे त्याच ठिकाणचा विधि. व्यायाम कोणी करावा? जो बलवान् आहे व ज्याचा आहार स्निग्ध आहे त्यानें. केव्हां? थंडींत व वसंतांत. किती? अर्ध्या शक्तीनें, इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ति खर्च झाली हें ओळखावें कसें, याची खूण सुश्रुतानें दिली आहे. हृदयाच्या ठिकाणचा वायु तोंडावाटें येऊं लागला, म्हणजे साध्या भाषेंत धाप लागून मनुष्य तोंडानें श्वास घेऊं लागला, कीं थांबावें. अन्न, ऋतु आणि मर्यादा या तीन अटींनीं बांधलेला हा व्यायाम आहे. या अटी पुढें फार उपयोगीं पडतील.

येथेंच आणखी एका घोटाळ्याचा परिहार करणें अवश्य आहे. प्राचीन ग्रंथांत मनुष्याच्या देहाचें प्रमाण अंगुलांत दिलेलें आढळतें. चरक तें ८४ अंगुलें सांगतो व सुश्रुत १२० अंगुलें. कोणी कोणी या आंकड्यांवरून पूर्वीचे लोक आजच्यापेक्षां किती उंच होते याचा हिशेब करूं पाहतात. पण हें अंगुल ज्याचें त्याचें असतें. उंच माणसाचें बोटहि मोठें, ठेंगण्याचें लहान. त्यामुळें या मापानें अवयवांचें परस्पर प्रमाण कळतें. दोन माणसांपैकीं उंच कोण, हें त्यानें कळत नाहीं, आणि व्यायामानें उंची घटली कीं वाढली हें तर मुळींच कळणार नाहीं. सबब या प्रश्नापुरता तो पुरावा बाजूस ठेवणें प्राप्त आहे.

[३] मल्लविद्येची परंपरा

वैद्यांनंतर मल्लांची साक्ष घेऊं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचविलेल्या 'मानसोल्लासां'त मल्लविनोद नांवाचें प्रकरण आहे. त्यांत मल्लांचें वय, देहयष्टि व बळ पाहून त्यांचे वर्ग पाडले आहेत. त्यांनीं कोणता व्यायाम करावा व काय खावें हें सांगितलें आहे, आणि कडधान्यें, मांस, दूध, साखर वगैरे अन्न राजानें पुरवावें असें म्हटलें आहे. गुजरातेंतील ज्येष्ठीमल्लांच्या ज्ञातीचें 'मल्लपुराण' १९६४ सालीं बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें छापून प्रसिद्ध केलें. त्यांतहि मल्लांचे वर्ग, व्यायामाचे प्रकार व ऋतुमानाप्रमाणें आहार यांचा विचार आहे. वयाप्रमाणें वर्ग व वर्गाप्रमाणें श्रम, आणि श्रमाच्या आधीं अन्न, हा या परंपरेचा कणा दिसतो.

मराठेशाहीच्या अखेरीस मल्लखांबाचा जीर्णोद्धार करणारे बाळंभटदादा देवधर यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाच्या राज्यांतील अली व गुलाब हे दोन धिप्पाड मल्ल आव्हान घेऊन आले, आणि कोवळ्या वयाच्या बाळंभटांनीं तें स्वीकारून पुढें त्यांस चीत केलें, असें परंपरा सांगते. आख्यायिकेचे सर्व तपशील आपण कागदांवर पडताळून घेतलेले नाहींत, म्हणून ती इतिहास म्हणून पुढें करीत नाहीं. परंतु तिच्यांतून त्या काळची दृष्टि कळते : लहान वयांत कमावलेलें अंग ही लोकांस कौतुकाची गोष्ट वाटे.

विसाव्या शतकांत तर ही दृष्टि संस्थांच्या रूपानें उभी राहिली. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यांत राजरत्न माणिकरावांनीं सांघिक व्यायामाची शिस्त बसविली. त्यांच्या शिष्यांपैकीं जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून शारीरिक क्रियांचा प्रयोगशाळेंत अभ्यास आरंभिला. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं जो हनुमान आखाडा काढिला, त्याचें पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, आणि १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं त्याच्या पथकानें देशी खेळ जगास दाखविले. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं संपादिलेला 'व्यायामज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या अवधींत दहा खंडांत पुरा झाला. या सर्वांनीं मुलांना आखाड्यांत बोलाविलें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्याजोगी आहे. मुलांस प्रथम शिकविले जात ते नमस्कार, दंड, बैठका व मल्लखांब. या सर्वांत उचलावयाचा भार म्हणजे मुलाचें स्वतःचें शरीर. मूल वाढेल तसा भार वाढतो, त्याच्या पुढें धांवत नाहीं. वजनदार जोडी, गदा किंवा दगडी नाल हीं पुढच्या पायरीचीं साधनें. मुलाच्या हातीं नाल केव्हां द्यावयाचा हें वस्ताद ठरवी. मुलानें ठरवावयाचें नसे. सुश्रुताची अर्ध्या शक्तीची मर्यादा तालमींत अशी व्यवहारांत उतरली होती. सारांश, ज्यांस "जुने लोक" म्हणावयाचें, त्यांची साक्ष वडील मंडळींच्या बाजूनें पडत नाहीं. ती मर्यादेच्या बाजूनें पडते.

[४] पैलवान ठेंगणे कां दिसतात

असें असतां ही समजूत आली कोठून? पहिलें कारण डोळ्यांस दिसणारें आहे. कित्येक नामांकित पैलवान ठेंगणे व भरलेल्या अंगाचे असतात. लोक तो देह पाहतात व म्हणतात, व्यायामानें हा खुंटला. येथें कार्य व कारण यांची अदलाबदल झाली आहे. वजनाच्या गटांत कुस्ती होऊं लागल्यावर हलक्या गटांत ठेंगणाच मनुष्य टिकणार. तोच खेळांत राहतो, त्याचेंच नांव होतें, आणि उंच मुलगा दुसरा गट किंवा दुसरा खेळ पाहतो.

कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें स्वतंत्र हिंदुस्थानास वैयक्तिक खेळांतील पहिलें ऑलिंपिक पदक मिळवून दिलें, तें ५७ किलोच्या गटांत. त्यांचे वडील पैलवान. बालपणापासून त्यांना कुस्तीचें बाळकडू मिळालें होतें. केवळ त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणेल कीं लहानपणच्या मेहनतीनें उंची राहिली. पण दहाच वर्षांनीं, १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत, सांगली जिल्ह्यांतील कवठेपिरानचे मारुती माने यांनीं ९७ किलोच्या गटांत सुवर्णपदक मिळविलें. दोघांचीहि घडण दक्षिण महाराष्ट्राच्या तांबड्या मातींत झाली, आणि देह मात्र दोन तऱ्हेचे. मातीनें उंची ठरत असती तर असें झालें नसतें. दोन उदाहरणांनीं सिद्धान्त उभा राहत नाहीं. पण एका उदाहरणावर उभारलेला सिद्धान्त पाडण्यास दुसरें एक पुरेसें असतें.

[५] समजुतीचें खरें मूळ : श्रम आणि उपासमार

दुसरें कारण अधिक खोल आहे व अधिक दुःखाचें आहे. भार वाहणारीं मुलें खुजीं राहतात, हें लोकांनीं खरोखरच पाहिलें होतें.

इंग्लंडांत १८३३ सालच्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस मनाई झाली आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस आठवड्यास ४८ तासांची मर्यादा पडली. रेशमाच्या गिरण्या तेवढ्या या मनाईंतून वगळल्या होत्या. पण तेथें जन्माची सरकारी नोंद १८३७ पर्यंत सुरू झालेली नव्हती. मूल नऊ वर्षांचें आहे कीं सात, हें कसें ओळखावें? डॉक्टरानें शरीर पाहून दाखला द्यावा असें ठरलें. यांतूनच लेनर्ड हॉर्नर या कारखाना-निरीक्षकानें १८३७ च्या सुमारास सोळा हजारांवर मुलांची उंची मोजविली. अशा मोजण्यांतून श्रमिकांच्या मुलांचे ठेंगणे देह सरकारी कागदांवर आले.

आपल्याकडे १८८१ च्या कायद्यानें कारखान्यांतील मुलाचें किमान वय सात ठरलें, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाचे नऊ तास काम घेण्यास मुभा राहिली. १८९१ सालीं हें वय नऊ झालें व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सात झाले; १९२२ सालीं किमान वय बारा व तास सहा झाले. वऱ्हाडच्या वाचकांनीं एक कलम विशेष लक्षांत ठेवावें. १८८१ च्या व्याख्येंत वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने येत नव्हते. असे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्यानें आंत आले. कापसाचे जिन व प्रेस हे हंगामी धंदे, आणि यवतमाळ जिल्हा कापसाचा. शिवाय वऱ्हाड हा निजामाकडून घेतलेला मुलूख असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप लागत नसत, ते वेगळ्या घोषणेनें लावावे लागत. अशा स्थितींत रुईच्या धुळींत राबणाऱ्या किती मुलांना कायद्याची सावली मिळाली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

याच काळांत १८९६-९७ व १८९९-१९०० या सालीं वऱ्हाडावर दोन दुष्काळ आले. ज्या पिढीनें लहानपणीं ओझें वाहिलें, तिनेंच उपासहि काढले, आणि पटकी, हिंवताप यांच्या सांथीहि सोसल्या. तिचे देह खुजे राहिले असतील तर दोष कोणाचा? ओझें डोळ्यांस दिसतें. भूक दिसत नाहीं, आणि लहानपणीं वारंवार झालेला अतिसार तर कोणाच्या आठवणींतहि राहत नाहीं. म्हणून लोकांनीं दोष ओझ्यास दिला, आणि पुढें ओझ्यासारखी दिसणारी जी जी वस्तु होती, त्या सर्वांस तोच दोष चिकटला. गरिबाच्या पोराच्या डोक्यावरची पाटी व आखाड्यांतील जोडी यांत भेद राहिला नाहीं.

अशी गल्लत अशिक्षितांकडूनच होते असें समजूं नये. १९६४ सालीं टोकियो येथें भरलेल्या क्रीडाशास्त्र-परिषदेंत काटो व इशिको या जपानी संशोधकांनीं दुर्गम भागांत जड श्रम करणाऱ्या मुलांच्या हाडांची वाढ खुंटल्याचें निवेदन केलें. व्यायामानें उंची खुंटते असें म्हणणारे आजहि त्या निवेदनाचा आधार देतात. परंतु त्या मुलांच्या बाबतींत श्रम, आहार व विश्रांति यांचा परिणाम वेगवेगळा काढून दाखविलेला नाहीं. आणि जेथें दोन कारणें नेहमीं जोडीनें वावरतात, तेथें एकालाच गुन्हेगार ठरविणें न्यायाचें नाहीं.

दोन कारणें वेगळीं करून पाहण्यास इतिहास एक संधि देतो. हॉलंड देशांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सैन्यभरतीच्या तरुणांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. आज तेथील पुरुषांची सरासरी १८० सेंटिमीटरहून अधिक आहे. याच दीड शतकांत युरोपच्या शाळांतून कवायत व व्यायाम यांचा प्रसार झाला. व्यायाम वाढला आणि उंचीहि वाढली. व्यायामानें ती वाढविली असें येथें म्हणावयाचें नाहीं. त्याचें श्रेय दूध, स्वच्छ पाणी आणि रोगांस बसलेला आळा यांकडे जातें. पण व्यायाम हा उंचीचा वैरी असता तर ही वाढ दिसली नसती.

[६] आजच्या शास्त्राचा निर्णय

आतां शास्त्राकडे वळूं. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तेथें नवी कूर्चा तयार होऊन तिचें हाड बनत जातें व हाड लांबतें. वयांत येतांना ही वाढ झपाट्यानें होते, आणि पुढें त्याच संप्रेरकांच्या प्रभावानें पट्टी भरून येऊन उंची थांबते. मुलींत हें आधीं घडतें, मुलांत नंतर. अंतिम उंचीचा मोठा भाग आईबापांकडून येतो, आणि ती कितपत गांठली जाते हें पोषण व आरोग्य यांवर ठरतें.

कूर्चा हाडापेक्षां नाजूक असते, आणि तिला जबर दुखापत झाली तर त्या हाडाची वाढ बिघडूं शकते. शंकेचा शास्त्रीय अंश तो हा, आणि तो खोटा नाहीं. परंतु नियमानें व देखरेखीखालीं केलेल्या भारव्यायामानें अशी हानि होते काय, हें पाहिलें असतां उत्तर नकारार्थी आलें आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें १९८३ सालीं, वयांत न आलेल्या मुलांस भारव्यायामापासून फारसा लाभ नाहीं असें मत दिलें होतें. पुढें प्रत्यक्ष प्रयोग झाले तसें तें मत बदलत गेलें. २०१४ सालीं अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं एकत्र येऊन प्रसिद्ध केलेलें निवेदन आणि २०२० सालचा त्याच अकादमीचा अहवाल, दोन्हीं एकच गोष्ट सांगतात. योग्य शिक्षकाच्या नजरेखालीं, बेताच्या भारानें केलेल्या व्यायामानें मुलांची उंची खुंटते असा पुरावा नाहीं. उलट स्नायु व हाडें बळकट होतात आणि खेळांतील दुखापती कमी होतात. लहान मुलांना ज्या इजा होतात, त्यांतील बऱ्याच वजन हातून निसटून पायावर पडल्यानें किंवा बोटें चेंगरल्यानें झालेल्या असतात. म्हणजे तेथें चूक असते ती देखरेखीची.

मग उंचीस खरा धोका कशापासून आहे? एक, वजनाचा गट गांठण्यासाठीं वाढत्या मुलास उपाशी व तहानलेलें ठेवणें. दुसरा, अंग लवकर भरावें म्हणून दिलीं जाणारीं ॲनाबोलिक स्टिरॉइड या जातीचीं औषधें. या औषधांनीं कूर्चेची पट्टी अकालीं भरून येते व उंची खरोखरच थांबते. ज्या परिणामाची भीति वडील मंडळी व्यायामाच्या माथीं मारतात, तो घडवून आणणारी वस्तु या बाटलींत आहे. घरच्यांनीं मुलाच्या हातांतील वजनाकडे जेवढें पाहावें, त्याहून अधिक त्यास कोणी पूड किंवा सुई देत आहे काय, इकडे पाहावें.

[७] उपसंहार

एकंदर पुराव्याचा निष्कर्ष असा निघतो. वाग्भटानें बालकास व्यायाम वर्ज्य सांगितला, पण उंचीचें कारण दिलें नाहीं. मल्लपरंपरेनें मुलांना आखाड्यांत घेतलें, पण वय, अन्न व मर्यादा पाहून घेतलें. खुजेपणाचा अनुभव लोकांस आला तो अर्धपोटीं राबणाऱ्या मुलांवरून, आणि तो त्यांनीं पोटभर जेवून दंड काढणाऱ्या मुलांवर लादला. शास्त्रानें हीं दोन मुलें आज वेगळीं करून दाखविलीं आहेत. बलवानानें, स्निग्ध आहार घेऊन, अर्ध्या शक्तीनें, हा जुना विधि व आजचा शास्त्रीय उपदेश यांत पाहूं गेल्यास विरोध उरत नाहीं.

लोहाऱ्याच्या गृहस्थांस म्हणून असें कळविलें आहे कीं, मुलास आखाड्यांत पाठवावें. जाणत्या वस्तादाच्या हाताखालीं पाठवावें, प्रथम स्वतःच्या अंगाचाच भार पेलूं द्यावा, तोंडानें श्वास लागला कीं थांबवावें, आणि घरीं ताटांत डाळ, दूध, अंडें यांपैकीं जें चालत असेल तें पुरेसें वाढावें. त्याची उंची १६५ सेंटिमीटर भरेल अशी हमी कोणासहि देतां येणार नाहीं. ती न भरल्यास दोष मात्र आखाड्यावर ठेवूं नये.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं ३५ टक्क्यांहून किंचित अधिक मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. त्याआधींच्या २०१५-१६ च्या पाहणींत हें प्रमाण ३४ टक्क्यांहून किंचित अधिक होतें. या मुलांपैकीं एकानेंहि जोडी फिरविलेली नाहीं, कीं नाल उचललेला नाहीं. त्यांची उंची आखाड्याच्या दारापर्यंत पोंचण्यापूर्वींच खुंटली आहे. आखाड्याचें भय बाळगणाऱ्यांनीं हा आंकडा मनाशीं ठेवावा.

शेवटीं अभ्यासकांस एक विनंति. आमच्या वऱ्हाडांतील आखाड्यांचीं हजेरीपुस्तकें, शाळांतील मुलांच्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी, जिन-प्रेसांच्या मजुरांचे दाखले, सैन्यभरतीचीं टिपणें, तसेंच मुंबई बंदरांतून मॉरिशसास गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदींच्या नकला, या साधनांत मुलांच्या व माणसांच्या वाढीचा मोठा इतिहास दडलेला आहे. ज्या घरीं किंवा संस्थेंत असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां जपून ठेवावे व अभ्यासकांस दाखवावे. एखाद्या शाळेच्या शंभर वर्षांपूर्वींच्या वहींत मुलांच्या नांवांपुढें उंचीचे आंकडे सांपडले, तर लोहाऱ्याच्या प्रश्नाचें आज दिलें त्याहून अधिक पक्कें उत्तर देतां येईल.